वरचा फोटो लगेच, खालचे सवडीने: लेझी लोडिंगचं प्लगइन नीट कसं लावायचं

चोपडा तालुक्यातल्या एका केळी रोपवाटिकेची वेबसाइट मी सांभाळतो. टिश्यू कल्चरची रोपं, शेडनेटमधले ट्रे, लावणीनंतरच्या बागा, घडाने वाकलेली खोडं असे चाळीसेक फोटो एकाच पानावर होते. एक दिवस मालकांचा शेताच्या बांधावरून फोन आला. "भाऊ, साईट उघडस नही, नुसतं चक्कर फिरी ऱ्हायनं." इकडे जळगावात माझ्या वायफायवर तेच पान झटकन उघडत होतं. त्यांचं गिऱ्हाईक मात्र वायफायवर बसलेलं नसतं. ते बांधावर उभं असतं, फोनवर नेटवर्कच्या एक-दोन काड्या असतात, आणि रोपांचा भाव विचारायच्या आधी रोप कसं दिसतं ते त्याला बघायचं असतं.

मोजलं तर पान ३० एमबीच्या आसपास भरलं. तिथून जे काम सुरू झालं तेच इथे क्रमाने लिहितोय. उदाहरणं वर्डप्रेसची आहेत, कारण आपल्याकडच्या दुकानदार-शेतकऱ्यांच्या ज्या साइट माझ्याकडे येतात त्या बहुतेक त्यावरच असतात.

लेझी लोडिंग म्हणजे पान उघडताच सगळे फोटो न मागवता, वाचणारा खाली सरकत फोटोच्या जवळ आला की तेवढाच मागवायचा. आपल्याकडे पाहुणे जेवायला बसले की मांडे खापरावरून एकेक उतरतात. वीसच्या वीस भाजून होईपर्यंत कोणी पाहुण्याला रिकाम्या ताटासमोर बसवत नाही. पण पहिला मांडा ताटात लगेच पडावा लागतो, आणि हे प्लगइन लावणारे बहुतेक जण नेमकं तेच विसरतात. प्लगइन चालू करायला दहा मिनिटं पुरतात. कोणते फोटो त्यातून वगळायचे हे ठरवण्यात खरा वेळ जातो, आणि जायलाच हवा.

आधी मोजा

पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजायच्या साधनात साइटचा पत्ता टाका आणि मोबाइलचा भाग बघा, डेस्कटॉपचा नको. मोबाइलची चाचणी मंद ४जी आणि मध्यम ताकदीचा फोन धरून केली जाते, म्हणून ती आपल्या परिस्थितीच्या जवळ जाते. वरच्या भागात खऱ्या वापरकर्त्यांचे आकडे असतात, पण लहान साइटला तेवढी वर्दळ नसल्यामुळे तो भाग बहुतेक वेळा रिकामा दिसतो. त्याने घाबरू नका, खालचे चाचणीचे आकडे घ्या.

दोन आकडे वहीत लिहून ठेवा. एक एलसीपी, म्हणजे पहिल्या पडद्यावरचा सर्वांत मोठा घटक दिसायला लागलेला वेळ. तो २.५ सेकंदांच्या आत हवा. दुसरा सीएलएस, म्हणजे पान उघडताना मजकूर किती हलतो त्याचं माप. ते ०.१ पर्यंत चालतं. शंभरपैकी किती गुण मिळाले याच्या मागे मी लागत नाही. त्याच पानाची चाचणी पाच मिनिटांनी पुन्हा केली तर गुण बदललेले असतात.

मग संगणकावर क्रोमच्या खासगी खिडकीत साइट उघडा, डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबवर जा, 'डिसेबल कॅश'वर खूण करा (कॅश म्हणजे आधीच साठवून ठेवलेली प्रत), वेग 'स्लो ४जी' ठेवा, फक्त फोटो दिसतील असा फिल्टर लावा आणि पान पुन्हा उघडा. कोणता फोटो किती केबीचा आहे आणि तो कधी मागवला गेला ते ओळीने दिसतं. खासगी खिडकी यासाठी, की तुम्ही अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन असाल तर बरीच प्लगइन तुमच्यापुरती कॅश आणि इतर सोयी बंद ठेवतात. तुम्हाला दिसते ती साइट गिऱ्हाइकाला दिसणारी नसते.

फोटो हलके केल्याशिवाय पुढे जाऊ नका

सवडीने आणला तरी ८०० केबीचा फोटो ८०० केबीचाच राहतो. वाचणारा खाली सरकला की त्याला तिथे थांबावं लागतंच.

आजकालच्या फोनमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो. वर्डप्रेस ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून, फार मोठा फोटो चढवला तर त्याची २५६० पिक्सेलची प्रत करून तीच वापरली जाते. तरीही फोनच्या पडद्याला ती जास्तच होते. मजकुरातल्या फोटोला १२०० पिक्सेल रुंदी पुरते. स्क्वूश नावाचं गूगलच्या मंडळींचं मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात फोटो टाका, रुंदी १२०० करा, वेबपी प्रकार निवडा, दर्जा ७५ ते ८० ठेवा. डावीकडे मूळ आणि उजवीकडे नवा फोटो शेजारीशेजारी दिसतो, त्यामुळे पानांच्या शिरा पुसल्या गेल्या का ते डोळ्यांनी बघता येतं. वर्डप्रेस ५.८ पासून वेबपी स्वीकारतं आणि ६.५ पासून एव्हिफही. मी अजून वेबपीवरच समाधानी आहे.

फोटो चाळीस असतील तर हे हाताने करा. चारशे असतील तर स्मश किंवा ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू इमेज ऑप्टिमायझरसारखं प्लगइन लावून ते रात्रभर चालू द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो आधीच दाबलेले असतात. रोपवाटिकेला ते चालून जातात. सराफाच्या दागिन्यांना चालत नाहीत, मोहनमाळेचे मणी एकमेकांत मिसळून जातात. तिथे मालकांना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा आणि मग स्वतः लहान करा.

आधीपासून काय चालू आहे ते बघा

वर्डप्रेसमध्ये लेझी लोडिंग ५.५ या आवृत्तीपासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून आतच आहे. फोटोच्या टॅगला, म्हणजे पानाच्या कोडमधल्या त्याच्या ओळीला, 'लोडिंग' नावाचा गुणधर्म जोडून त्याची किंमत 'लेझी' ठेवली जाते आणि पुढचं काम ब्राउझर करतो. ५.७ मध्ये आयफ्रेमलाही, म्हणजे पानात बसवलेल्या यूट्यूब-नकाशासारख्या बाहेरच्या तुकड्यांनाही, ते मिळालं. सुरुवातीला एक चूक होती, पानातला पहिला फोटोही लेझी होत होता. ५.९ मध्ये ती सुधारली. ६.३ पासून वर्डप्रेस पहिल्या महत्त्वाच्या फोटोला उलट घाईचा शिक्का मारतं, त्याला 'फेचप्रायॉरिटी हाय' म्हणतात. क्रोममध्ये लेझी लोडिंगची सोय २०१९ पासून आहे, फायरफॉक्समध्ये २०२० पासून आणि आयफोनच्या सफारीत २०२२ पासून.

फोटोवर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' दाबा आणि टॅगमध्ये 'लेझी' आणि 'फेचप्रायॉरिटी' हे दोन शब्द शोधा. खालच्या फोटोंना 'लेझी' आहे, वरच्याला नाही, असं दिसलं तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. साधी थीम, साधे फोटो असतील तर प्लगइनची गरजही नाही. हे सांगितलं की लोकांना पटत नाही, काहीतरी 'इन्स्टॉल' केल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही.

तपासताना एक गोष्ट गोंधळात टाकते. चांगल्या नेटवर्कवर क्रोम फोटो पडद्यापासून साधारण १२५० पिक्सेल अंतरावर असतानाच मागवायला घेतो, मंद नेटवर्कवर २५०० पिक्सेल. म्हणजे फोनचे तीनेक पडदे खाली असलेला फोटोही आधीच आलेला असतो. लहान पानावर चाचणी केली तर सगळेच फोटो लगेच आलेले दिसतात आणि लेझी लोडिंग चालत नाही असं वाटतं. लांबलचक पानावर तपासा.

मग रोपवाटिकेच्या साइटवर अडचण काय होती? वर्डप्रेस नवं होतं, पण पान पेज बिल्डरमध्ये बांधलेलं होतं, आणि बांधणाऱ्याने, म्हणजे मीच, चाळीसही फोटो चौकटींची पार्श्वभूमी म्हणून टाकले होते. कडा सगळ्या एका मापात दिसतात, म्हणून तेव्हा ते फार सोयीचं वाटलं होतं. सीएसएसमधून, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमधून, येणाऱ्या पार्श्वभूमीच्या फोटोंना 'लोडिंग' हा गुणधर्म लागूच होत नाही. पान उघडलं की चाळीस मागण्या एकदम सुटत होत्या.

यावर दोन उपाय आहेत. एलिमेंटर या पेज बिल्डरच्या सेटिंग्जमध्ये पार्श्वभूमीचे फोटो सवडीने आणायची सोय आहे, काही प्लगइनमध्येही आहे. पण मी दुसरा उपाय धरला आणि ते फोटो काढून साध्या गॅलरीत खरे फोटो म्हणून टाकले. शोभेचा फोटो पार्श्वभूमीत चालतो, गिऱ्हाईक जो बघायला आलंय तो नाही. त्याला पर्यायी मजकूर देता येत नाही आणि गूगलच्या फोटोशोधातही तो येत नाही. दुपार गेली, पण काम कायमचं झालं.

प्लगइन हवं असेल तर एकच

प्लगइन लागतं ते अशा वेळी: पार्श्वभूमीचे फोटो काढता येत नाहीत, जुना स्लायडर (एकामागून एक सरकणारे फोटो) आहे, यूट्यूबचे व्हिडिओ बरेच आहेत, किंवा कोणता फोटो वगळायचा यावर बारीक ताबा हवा आहे.

निवडताना आधी होस्टिंगवाल्याला विचारा सर्व्हर कोणता आहे. लाइटस्पीड असेल तर लाइटस्पीड कॅश हे मोफत प्लगइन घ्या. कॅश, फोटो आणि लेझी लोडिंग सगळं त्यात आहे. नसेल तर ऑटोप्टिमाइझ, स्मश किंवा ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू यांतलं जे आधीच बसवलेलं असेल त्याचंच लेझी लोडिंग चालू करा. पैसे खर्चायची तयारी असेल तर डब्ल्यूपी रॉकेट सोपं पडतं. अनोळखी प्लगइन घेणार असाल तर ते शेवटचं कधी अद्ययावत झालं एवढं तरी बघा.

'एकच' हा शब्द मी अनुभवाने लिहितोय. आखाजीच्या आठवड्यात एका सराफी दुकानाच्या साइटवर मी लेझी लोडिंगचं नवं प्लगइन घातलं. कॅशच्या प्लगइनमध्ये तीच सोय आधीपासून चालू होती, ते मी बघितलं नाही. पहिल्याने फोटोचा खरा पत्ता बाजूला ठेवून जागेवर राखाडी चौकोन टाकला. दुसऱ्याने त्या चौकोनालाच फोटो समजून पुन्हा तेच केलं. गिऱ्हाइकाला मंगळसूत्रांच्या पानावर नुसते राखाडी ठोकळे. माझ्या लॅपटॉपवर सगळं ठीक दिसत होतं, कारण मी लॉगिन होतो. भुसावळच्या एका बाईंनी दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा कळलं. सणाच्या तोंडावर दुकानदाराचं काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. साइटचा पूर्ण बॅकअप घ्यायचा. थीम, पेज बिल्डर, कॅश आणि फोटोंचं प्लगइन अशा चारही ठिकाणी लेझी लोडिंगचं बटण आहे का ते शोधायचं आणि एक सोडून बाकी बंद करायची. मग प्लगइनमधली एक सेटिंग बदलायची, कॅश रिकामी करायची, खासगी खिडकीत बघायचं, आणि मगच पुढची. पाच बटणं एकदम दाबली की बिघडलं कुठे ते सापडत नाही.

लाइटस्पीड कॅशमध्ये हे सगळं 'पेज ऑप्टिमायझेशन'खाली 'मीडिया सेटिंग्ज'मध्ये आहे. 'लेझी लोड इमेजेस' चालू करा. 'लेझी लोड आयफ्रेम्स' दुसऱ्या फेरीत. 'अ‍ॅड मिसिंग सायझेस' तिसऱ्या फेरीत. अस्पष्ट फोटो आधी दाखवून मग स्पष्ट करणारी सोयही आहे, पण ती दिसायला छान, कामाला जेमतेम. मी बंदच ठेवतो.

वगळण्याची यादी

आता पहिला मांडा. पानाच्या वरचा मोठा फोटो बहुतेक वेळा तोच एलसीपी असतो. ब्राउझर पान वाचायला लागला की पुढे नजर टाकून फोटोंचे पत्ते हेरतो आणि लगेच मागवायला घेतो. प्लगइनने पत्ता लपवला की ही नजर आंधळी होते. आधी जावास्क्रिप्ट उतरणार, ती चालणार, पानाची मांडणी ठरणार, आणि मग कुठे फोटोची मागणी जाणार. मंद नेटवर्कवर यात सेकंद-दोन सेकंद सहज जातात. साइट वेगवान करायला लावलेलं प्लगइन तिला हळू करतं ते असं.

म्हणून वगळायचं काय: लोगो, वरचा मोठा फोटो, स्लायडरचा पहिला फोटो, आणि पानाची सुरुवात मालाच्या यादीनेच होत असेल तर फोनवर पहिल्या पडद्यात दिसणारे दोन-चार फोटो. हे फोनवर बघून ठरवा. संगणकावर पहिल्या पडद्यात आठ फोटो मावतात, फोनवर दोन. आठही वगळले तर फोनवाल्यावर उगाच ओझं.

वगळायच्या पद्धती दोन. फाइलच्या नावाने, किंवा फोटोला दिलेल्या क्लासच्या, म्हणजे कोडमध्ये त्याला चिकटवलेल्या खुणेच्या, नावाने. लाइटस्पीड कॅशच्या 'मीडिया एक्सक्लूड्स'मध्ये दोन्हींसाठी रकाने आहेत, एका ओळीत एक नाव. 'स्किप-लेझी' हा क्लास बरीच प्लगइन आपणहून ओळखतात. फोटोच्या ब्लॉकमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड'खाली तो लिहिला तरी काम होतं. प्लगइनला तो कळला की नाही, ते पुन्हा 'इन्स्पेक्ट' करून बघा.

स्लायडरबद्दल माझं मत विचारलं तर काढून टाका. पाच फोटोंमधले पहिल्यानंतरचे चार सहसा कोणी बघत नाही.

उड्या मारणारं पान

फोटो नंतर येणार तर त्याची जागा आधी धरून ठेवावी लागते. टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहिलेली असेल तर ब्राउझर तेवढा चौकोन राखून ठेवतो. नसेल तर फोटो आला की खालचं सगळं धाडकन खाली सरकतं. शेतकरी 'फोन करा'वर बोट टेकवतो आणि नेमका त्याच क्षणी वर फोटो येऊन बोट भलत्याच बटणावर पडतं. सीएलएसचा आकडा हेच मोजतो. वर्डप्रेसच्या संपादकातून टाकलेल्या फोटोंना मापं आपोआप मिळतात. हाताने चिकटवलेल्या कोडला आणि जुन्या थीमला नसतात. त्यासाठी वरचं 'अ‍ॅड मिसिंग सायझेस', आणि डब्ल्यूपी रॉकेटमध्येही तशीच सोय आहे.

यूट्यूबचा व्हिडिओ कोणी न बघताही बरंच ओझं आणतो. त्याच्या जागी नुसतं चित्र दाखवून दाबल्यावरच व्हिडिओ आणायची सोय प्लगइनमध्ये असेल तर ती चालू करा. गूगल नकाशाच्या जागी मी नकाशाचं चित्र आणि त्यावर दुवा देतो. दुकान शोधणारा तसाही नकाशाच्या अ‍ॅपमध्येच जातो.

तपासणी

सगळ्या कॅश रिकाम्या करा. प्लगइनची, होस्टिंगची, आणि क्लाउडफ्लेअरसारखं काही मध्ये असेल तर त्याचीही. मग वहीतले आकडे पुन्हा मोजा. रोपवाटिकेचं पान हलक्या फोटोंमुळे एकूण ५ एमबीच्या आसपास आलं आणि उघडताना त्यातले दीडेक एमबीच उतरायला लागले.

पण आकड्यांवर विसंबू नका. साधा, जुना फोन घ्या, वायफाय बंद करा आणि पान बोटाने झपकन खालपर्यंत ओढा. राखाडी चौकोन भरायला किती वेळ लागतो ते बघा. टॅबमध्ये किंवा उघडझाप होणाऱ्या भागात लपलेले फोटो उघडून बघा. 'आणखी दाखवा' दाबल्यावर आलेले फोटो दिसतात का बघा, जुनी प्लगइन तिथे हमखास अडखळतात. जळगाव-चोपडा एसटीत बसून केलेली चाचणी मला ऑफिसातल्या दहा चाचण्यांपेक्षा जास्त सांगून गेली.

शेवटी गूगल. त्याचा रोबो पान खाली सरकवत नाही, तो उंच पडदा धरून पान बघतो. सर्च कन्सोलमध्ये 'यूआरएल इन्स्पेक्शन' करून थेट चाचणी घ्या आणि तिथे दिसणाऱ्या एचटीएमएलमध्ये फोटोंचे खरे पत्ते आहेत का ते शोधा. राखाडी चौकोनाचाच पत्ता दिसला तर गूगललाही तुमची रोपं दिसत नाहीत.

हंगाम सुरू होताना रोपवाटिकेच्या मालकांनी वरचा फोटो स्वतःच बदलला, नव्या बागेचा टाकला. मी वगळण्याच्या यादीत जुन्या फाइलचं नाव दिलेलं होतं. नवा फोटो यादीत नव्हता, तो लेझी झाला आणि पहिला पडदा पुन्हा रिकामा उघडायला लागला. आता यादीत फाइलचं नाव देत नाही. वरच्या फोटोच्या जागेलाच क्लास दिलेला आहे, त्यात मालक कोणताही फोटो टाकोत.